प्रोसेसरचा भाव आणि माझे पाच महिने

डोंबिवलीत घरूनच मी इंटिरियर डिझायनर मंडळींना थ्रीडी व्ह्यू करून देते. २०२२ च्या गणपतीत माझ्या मशीनवर एक दिवाणखाना रेंडर व्हायला, म्हणजे त्याचं पक्कं चित्र तयार व्हायला, पावणेचार तास लागले. क्लायंटने सोफ्याचं कापड बदलायला सांगितलं, की पुन्हा पावणेचार तास. मशीनमध्ये इंटेलचा कोअर आय५-४४६० प्रोसेसर होता, २०१४ चा, चार कोअर (प्रत्यक्ष काम करणारे भाग) आणि चार थ्रेडचा (एका वेळी चार कामं). विंडोज ११ त्याला चालत नव्हतं, कारण मायक्रोसॉफ्टने माझ्यासारखे आठव्या पिढीच्या आधीचे इंटेल प्रोसेसर, मोजके अपवाद सोडले तर, यादीत घेतलेच नव्हते. विसर्जनानंतर ठरवलं, दसऱ्याला नवं मशीन घ्यायचं.

नेमके तेव्हाच इंटेलच्या प्रतिस्पर्धी एएमडी कंपनीचे रायझन ७००० प्रोसेसर बाजारात येत होते. २७ सप्टेंबरला विक्री सुरू झाली, नवरात्राची दुसरी माळ होती. सहा कोअरच्या रायझन ५ ७६००एक्सचा जाहीर भाव २९९ डॉलर. मला तो बरा वाटला, कारण २०२० मध्ये त्याच्या आधीचा ५६००एक्ससुद्धा २९९ डॉलरलाच आला होता. दोन वर्षांत वेग वाढला आणि भाव तोच राहिला, मग लोक एवढे नाराज का, हे मला कळेना. ओळखीतल्या मशीन बांधणाऱ्या जवळपास सगळ्यांचं एकच म्हणणं होतं: "आत्ता घेऊ नकोस."

दुसऱ्याच आठवड्यात दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरले आणि लॅमिंग्टन रोड, म्हणजे कॉम्प्युटरच्या सुट्या भागांचा बाजार गाठला. एका दुकानात कोटेशन मागितलं. काउंटरवरच्या काकांनी प्रोसेसरचा आकडा लिहिला, पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, "ताई, प्रोसेसर नका बघू. बोर्ड बघा."

बोर्ड म्हणजे मदरबोर्ड, प्रोसेसर आणि रॅम ज्यावर बसते ती मुख्य पाटी. मग खरा हिशेब कागदावर आला. प्रोसेसर ३०,५००. डॉलरचा भाव ८१-८२ रुपये होता, अमेरिकेतला जाहीर भाव करावेगळा असतो आणि आपल्याकडे वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे हा आकडा काही अवाच्या सवा नव्हता. पण सॉकेट, म्हणजे बोर्डवरची प्रोसेसर बसवायची जागा, नवा, एएम५. त्या दिवशी त्यावर फक्त एक्स६७० चिपसेटचे (बोर्डवरच्या नियंत्रक चिपचे) महागडे बोर्ड होते, सगळ्यात स्वस्त २८,५०० ला. स्वस्तातले बी६५० बोर्ड ऑक्टोबरच्या १० तारखेनंतर येणार होते. रॅम नव्या पिढीची डीडीआर५ च लागते, आधीची डीडीआर४ चालतच नाही, त्यामुळे ३२ जीबीचे १६,०००. खोक्यात कूलर नाही, त्याचे वेगळे ४,०००. बेरीज ७९,०००, आणि यात कॅबिनेट, एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा), एसएसडी काहीच धरलेलं नव्हतं.

त्याच कागदाच्या उरलेल्या अर्ध्या भागात काकांनी दुसरी बेरीज मांडली. इंटेलचा आय५-१२४००एफ १६,०००, कूलर खोक्यातच. डीडीआर४ चा बी६६० बोर्ड ११,५००. ३२ जीबी रॅम ८,५००. एकूण ३६,०००.

नाराजीचं कारण त्या कागदावर होतं. प्रोसेसरचा भाव कोणाला खुपत नव्हता, त्याच्यासोबत जे घ्यावंच लागत होतं ते परवडत नव्हतं. ज्यांच्याकडे आधीच एएमडीच्या जुन्या सॉकेटचा, एएम४ चा, बोर्ड होता त्यांचं तर सोपं होतं. २०१७ च्या कित्येक बोर्डांवर बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करून २०२२ मधला ५८००एक्स३डी प्रोसेसर बसत होता. फक्त प्रोसेसर बदलून काम भागत असताना बोर्ड आणि रॅम टाकून कोण देणार?

दसरा गेला. त्याच सुमारास एएमडीने तिमाहीचे आकडे सांगितले, त्यात डेस्कटॉप-लॅपटॉप प्रोसेसरचं उत्पन्न वर्षभरापूर्वीपेक्षा ४० टक्क्यांनी घसरून १ अब्ज डॉलरवर आलं होतं. जगभर पीसीचा बाजारच थंड पडला होता, सगळा दोष नव्या भावांचा नव्हे. पण मला त्यातून धीर आला. माल पडून राहिला, तर भाव उतरणार.

२० ऑक्टोबरला, वसुबारसेच्या आदल्या दिवशी, इंटेलची तेरावी पिढी आली आणि माझं ठरलेलं पुन्हा डळमळलं. आय५-१३६००के, ३१९ डॉलर, सहा मोठे आणि आठ छोटे मिळून चौदा कोअर, आणि जुन्या डीडीआर४ बोर्डांवरही चालणारा. रेंडरिंगला जितके कोअर तितकं बरं, त्यामुळे माझ्या कामात तो ७६००एक्सच्या बराच पुढे होता. शुद्ध पैशाच्या हिशेबात त्या दिवाळीत त्याच्या तोडीचं काही नव्हतं, हे मी आजही म्हणते.

तरी घेतला नाही, आणि त्याला कारण माझा जुना अनुभव. आय५-४४६० हळू वाटू लागला तेव्हा, २०१८ मध्ये, मी फक्त प्रोसेसर बदलायला गेले होते. नवा कुठलाच त्या बोर्डवर बसत नव्हता. सॉकेट वेगळा, रॅम वेगळी. पैसे जमेनात म्हणून आणखी चार वर्षं त्याच मशीनवर काढली, रात्री रेंडर लावून झोपायचं आणि पहाटे उठून बघायचं. तेराव्या पिढीचा सॉकेटही शेवटाकडे आलेला आहे, असं जाणकार सांगत होते. एएमडीने मात्र एएम५ किमान २०२५ पर्यंत चालवू, असं जाहीर केलं होतं, आणि एएम४ चा इतिहास पाहता त्यावर विश्वास ठेवावासा वाटला. घरच्यांना हे पटवणं अवघड गेलं. नवरा म्हणाला, "आज जे वेगवान आहे ते घे ना." त्याचं चूक नव्हतं.

मी थांबले. नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत भाव खाली आले: ७६००एक्स २९९ वरून २४९, ७७००एक्स ३९९ वरून ३४९, सगळ्यात वरचा ७९५०एक्स ६९९ वरून ५७४. बाजारात येऊन जेमतेम दोन महिने झाले होते. ज्यांनी पहिल्या आठवड्यात घेतला त्यांच्याबद्दल मला वाईट वाटलं, त्यांची मिळकत काही माझ्याहून मोठी असेलच असं नाही. आपल्याकडे तो उतार लगेच पोहोचला नाही. दुकानदाराने जुन्या भावाने भरलेला माल असतो, तो खपल्याशिवाय नवा आकडा लागत नाही. दर पंधरा दिवसांनी फोन करायचे, तेव्हा काका म्हणायचे, "अजून थोडं थांबा ताई." विकणारा माणूस थांबायला सांगतो, याचं मला अप्रूप वाटायचं.

१० जानेवारी २०२३ ला नावात एक्स नसलेले प्रोसेसर आले. रायझन ५ ७६००, २२९ डॉलर, सहा कोअर, खोक्यात कूलर. कमाल वेग ५.१ गिगाहर्ट्झ, ७६००एक्सचा ५.३. माझ्या कामात हा फरक जाणवणारच नव्हता. उलट ७६००एक्स १०५ वॉटचा आणि हा ६५ वॉटचा. माझी कामाची खोली स्वयंपाकघराला लागून, एसी नाही, मे महिन्यात दुपारी तिथे बसवत नाही. ४० वॉट कमी, म्हणजे उष्णताही कमी, ही माझ्यासाठी खरीच सोय होती.

फेब्रुवारीत पुन्हा लॅमिंग्टन रोड. प्रोसेसर २२,५००, बी६५० बोर्ड १६,५००, डीडीआर५ ३२ जीबी १२,०००. बेरीज ५१,०००. पाच महिन्यांपूर्वीच्या कोटेशनपेक्षा २८,००० नी कमी, आणि कामाच्या दृष्टीने मशीन जवळपास तेच.

त्याच दिवशी शेजारच्या गल्लीत एका दुकानाने हाच प्रोसेसर २०,५०० ला देऊ केला. ट्रे पीस होता. म्हणजे खोकं नाही, कूलर नाही, आणि कंपनीच्या तीन वर्षांच्या वॉरंटीऐवजी दुकानाची एक वर्षाची, तीही तोंडी. बिलावर सिरियल नंबर लिहून द्या म्हटल्यावर तिथल्या माणसाचा सूर बदलला. मी निघाले. तुम्ही कुठेही घ्या, पण सीलबंद खोकं, त्यावरचा सिरियल नंबर आणि तोच नंबर जीएसटी बिलावर, एवढं बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. काकांनी तर आणखी एक काम केलं. बोर्ड ऑक्टोबरच्या लॉटचा होता आणि प्रोसेसर जानेवारीचा, म्हणून त्यांनी काउंटरवरच पेन ड्राइव्ह लावून बायोस अपडेट करून दिला.

जोडणी घरीच केली, मी आणि नववीतल्या भाच्याने. एएम५ मध्ये पिना प्रोसेसरला नसून बोर्डच्या सॉकेटमध्ये असतात, एक वाकली तर बोर्ड गेला. प्रोसेसर ठेवताना माझा श्वास अडकला होता. बटण दाबलं, पंखे फिरले आणि स्क्रीन काळीच. एक मिनिट, दोन मिनिटं. भाच्याने बंद करायला हात पुढे केला, तो मी धरला. पहिल्यांदा चालू करताना बोर्ड डीडीआर५ रॅमची जुळवणी करतो, त्याला काही मिनिटं लागतात, हे काकांनी निघताना सांगितलं होतं. चौथ्या मिनिटाला स्क्रीन उजळली. तोच दिवाणखाना पन्नास मिनिटांत रेंडर झाला.

ऑगस्ट २०२४ मध्ये रायझन ९००० आले. ९६००एक्स २७९, ९७००एक्स ३५९, ९९००एक्स ४९९ डॉलर. मागच्या पिढीच्या जाहीर भावांपेक्षा कमी, तरी लोक पुन्हा नाराज. कंपनी आरंभीच्या भावाशी आरंभीचा भाव ताडून बघते. गिऱ्हाईक आज दुकानात काय पडलंय ते बघतं, आणि दुकानात ७००० मालिका तोवर कितीतरी उतरलेल्या भावात होती. गेम खेळणाऱ्यांना तर ७७००एक्स आणि ९७००एक्समध्ये फरकच सापडेना. मला हे सगळं ओळखीचं झालं होतं. कोटेशन मागितलं नाही, काकांना फक्त विचारलं, किती दिवस थांबू. त्याच ऑक्टोबरमध्ये इंटेलचे नवे प्रोसेसर आले ते नव्या सॉकेटवर, आणि नवऱ्याने स्वतःहून २०२२ ची गोष्ट काढली.

२०२५ मध्ये भाव उतरल्यावर बारा कोअरचा ९९००एक्स घेतला, सोबत मोठा कूलर. बोर्ड तोच, रॅम तीच, आधी फक्त बायोस अपडेट. आता तो दिवाणखाना तेवीस मिनिटांत होतो. जुना ७६०० भाच्याला दिला. त्याने स्वस्तातला ए६२० बोर्ड घेतला, रॅम घेतली आणि या वेळी एकट्याने जोडणी केली. रात्री साडेदहाला त्याचा फोन आला, "मावशी, स्क्रीन काळीच आहे, पण मी हात लावलेला नाही."