देव आधीच बाहेर पडला होता

"तुमचो देव मूळचो आमच्या गांवचो न्हय गो?"

शाळेत मधल्या सुटीत डबा उघडता उघडता तिनं मला हे विचारलं, त्याला आता पंचवीस वर्षं होत आली. ती कुठ्ठाळीची, ख्रिस्ती, गणित शिकवायची. मी प्रियोळची, मराठी शिकवायचे. गाव सोडून गेलेल्या घरच्या माणसाची चौकशी करावी तसं तिनं विचारलं होतं. मी हो म्हटलं. श्रीमंगेश मूळचा कुठ्ठाळीचा, म्हणजे जुन्या कुशस्थळीचा. १५६० साली पोर्तुगिजांच्या भीतीनं लिंग नदीपलीकडे अंत्रुज महालात, म्हणजे आजच्या फोंडा तालुक्यात आणलं, प्रियोळला ठेवलं. आमचं मंगेशी ते हेच. गोव्यातल्या शाळकरी पोरांनाही ही गोष्ट ठाऊक असते. पण ख्रिस्ती माणसाच्या तोंडून ती इतक्या आपलेपणानं मी तोवर ऐकली नव्हती.

मी निवृत्त झाले त्या दिवशी तिनं मला मराठी बायबल दिलं. काळं कव्हर, पानांच्या कडा लाल. म्हणाली, "सगलें वाच. मदलें सोडूं नाका."

तोवर माझं बायबल म्हणजे चार शुभवर्तमानांतले काही उतारे आणि वर्गात शिकवलेलं 'ख्रिस्तपुराण'. फादर स्टीफन्सच्या मराठीच्या स्तुतीच्या ओव्या मी तीस वर्षं मुलांकडून पाठ करून घेतल्या. पण १६१६ साली राशोलला छापलेलं ते पुराण ज्या ग्रंथावर उभं आहे, तो ग्रंथ मी वाचला नव्हता. ज्या ग्रंथाच्या नावाखाली आमचं देऊळ पाडलं, तो मी का वाचावा, असंही कुठंतरी मनात होतं. हे आज स्पष्टच लिहिते, कारण माझ्यासारखे पुष्कळ जण आहेत.

यहेज्केलापाशी आले आणि तिथंच थांबले.

यहेज्केल हा यरुशलेमचा याजक. इसवी सनापूर्वी ५९७ मध्ये बाबेलच्या, म्हणजे बॅबिलोनच्या राजानं यरुशलेमच्या राजाला आणि प्रतिष्ठित लोकांना धरून नेलं, त्यांत हाही गेला. पाचव्या वर्षी, खबार नदीकाठी, याला दर्शन झालं. देवाचं सिंहासन, आणि त्याला चाकं. चाकात चाक, धावांवर सगळीकडे डोळे. लहानपणी मिशनच्या कॅलेंडरवर हे चित्र पाहिलेलं आठवतं, तेव्हा नुसतं विचित्र वाटलं होतं. आता कळलं की सगळी गोम त्या चाकांत आहे. त्या काळची समजूत अशी की देऊळ पडलं म्हणजे देव हरला. ज्याचं मंदिर उभं, तो देव जिंकला. यहेज्केल म्हणतो, तसं नव्हे. दहाव्या-अकराव्या अध्यायात तो देवाचं तेज मंदिरातून निघताना पाहतो. आधी ते उंबरठ्यावर येतं, मग पूर्वेच्या दारापाशी, मग शहराबाहेर पूर्वेच्या डोंगरावर जाऊन थांबतं. मंदिर जळालं ते त्यानंतर, इ. स. पू. ५८६ मध्ये. बाबेलच्या सैन्याच्या हाती लागल्या त्या भिंती.

मी पुस्तक मिटलं आणि आजीची आठवण आली. तिला अक्षरओळख नव्हती. आम्ही नातवंडं विचारायचो, फिरंग्यांनी मंगेशाचं देऊळ पाडलं तेव्हा मंगेशानं त्यांना काही केलं कसं नाही? आजी वाती वळता वळता एकच वाक्य सांगायची: "देव आदींच भायर सरिल्लो." देव आधीच बाहेर पडला होता. एवढंच. तिच्या लेखी प्रश्न तिथं संपलेला असायचा.

अडीच हजार वर्षांपूर्वीचा खबार नदीकाठचा निर्वासित याजक आणि माझी आजी, दोघांना एकच उत्तर सापडलं होतं.

दर सोमवारी मंगेशीला पालखी निघते. लहानपणापासून बघते आहे. पण त्या आठवड्यात मी पालखीच्या दांडीकडे बघत राहिले. खांदा बदलताना एक क्षण दांडी कलते, मागचा माणूस हाताचा तळवा खाली देतो, आणि पुन्हा ताल लागतो. हा देव माणसांच्या खांद्यावरून जाणारा आहे. एका रात्री माणसांनी त्याला असंच उचललं होतं, वाजंत्र्याशिवाय, दिवटीशिवाय. यहेज्केलाच्या अकराव्या अध्यायात देव म्हणतो की मी माझ्या लोकांना देशोदेशी पांगवलं खरं, पण तिथं थोडा काळ मीच त्यांचं पवित्रस्थान झालो. हे वाक्य मी पेन्सिलीनं अधोरेखित केलं आहे. त्या बायबलात मी खूण केलेलं ते पहिलं वाक्य.

आता जे लिहायचं आहे ते जरा कठीण आहे.

स्तोत्रसंहितेतलं १३७ वं स्तोत्र बाबेलच्या नद्यांच्या काठी बसून रडणाऱ्यांचं आहे. वीणा झाडांना टांगल्या आहेत, पकडून नेणारे म्हणतात, सियोनाचं, म्हणजे तुमच्या यरुशलेमचं गाणं म्हणून दाखवा. परक्या मुलुखात परमेश्वराचं गाणं म्हणायचं कसं? वाचताना गळा दाटतो. पण स्तोत्र तिथं संपत नाही. शेवटी ते बाबेलला शाप देतं, आणि शेवटच्या ओळीत बाबेलची तान्ही मुलं खडकावर आपटणाऱ्याला धन्य म्हणतं. मी सुन्न झाले. मैत्रिणीला फोन केला. तिनं तिच्या पाद्रींना विचारलं तेव्हा कळलं की दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर धर्मगुरूंच्या नित्यप्रार्थनेचं जे सुधारलेलं पुस्तक आलं, त्यात या स्तोत्राच्या शेवटच्या तीन ओव्या घेतलेल्याच नाहीत.

मला हे पटलं नाही. आजही पटत नाही. ज्याचं घर, देऊळ, लेकरू डोळ्यांदेखत गेलं, त्याच्या पोटात हे विष असणारच. त्यानं ते देवापुढे ओकलं आहे, हातात दगड घेऊन कुणाच्या दारात गेलेला नाही. ग्रंथानं ते जसंच्या तसं ठेवलं, यासाठी मी त्या ग्रंथापुढे हात जोडते. ओव्या गाळल्या म्हणून विष जात नाही. आत झिरपतं, आणि पुढच्या कुणाच्या तरी तोंडून भलत्याच वेळी बाहेर येतं.

गोव्यात ते ऑक्टोबर २०२४ मध्ये आलं. सेंट फ्रान्सिस झेवियरच्या शवप्रदर्शनाला महिना-दीड महिना उरला असताना एका हिंदुत्ववादी संघटनेच्या माजी प्रमुखानं शवाची डीएनए चाचणी करा अशी मागणी केली. मडगावात लोक रस्त्यावर बसले, पोलीस ठाण्यांवर मोर्चे गेले. आमच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर तर जे लिहिलं गेलं ते मी इथं लिहिणार नाही. ज्या मुलांना मी एका बाकावर बसवलं होतं, ती एकमेकांना पोर्तुगालला जा, घाटावर जा म्हणत होती.

ती मागणी चुकीची होती, असं माझं ठाम मत आहे. तिच्यात जिज्ञासा नव्हती, दुसऱ्याच्या देव्हाऱ्यात चप्पल घालून शिरणं होतं. पण झेवियरनं १६ मे १५४६ च्या पत्रात पोर्तुगालच्या राजाकडे गोव्यासाठी इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय मागितलं, हे खरं आहे. १५५२ मध्ये तो वारला, १५६० मध्ये ते सुरू झालं आणि मधला थोडा खंड सोडला तर १८१२ पर्यंत चाललं, हेही खरं आहे. ज्या साली माझा देव नदीपार आला, त्याच साली. हे सांगितलं की ख्रिस्ती मित्र गप्प होतात किंवा विषय बदलतात, आणि ती शांतताच दुसऱ्या बाजूच्या आरोळीला खाद्य पुरवते. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १२ मार्च २००० रोजी रोममध्ये चर्चच्या लेकरांच्या पापांबद्दल देवाकडे क्षमा मागितली. मला ती क्षमा कुठ्ठाळीच्या, वेर्ण्याच्या, केळशीच्या इगर्जीत, म्हणजे चर्चमध्ये, गावाचं आणि देवाचं नाव घेऊन ऐकायची आहे. शेवटच्या तीन ओव्यांसकट.

कुंकळ्ळीचंच बघा. १५ जुलै १५८३ ला तिथं पाच जेझुइट मिशनरी मारले गेले. पुढं कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांना बोलणी करायला म्हणून असोळण्याच्या कोटात बोलावलं आणि तिथं त्यांना मारलं. त्या पाच जेझुइटांना १८९३ मध्ये रोमनं धन्य म्हणून घोषित केलं. एकाच गावचं रक्त, आणि दोन गटांत दोन वेगळ्या गोष्टी सांगितल्या जातात, प्रत्येकीत अर्ध्या ओव्या गाळून.

आम्ही हिंदूही गाळतो. मंगेश नदीपार आला तो कुणाच्या राज्यात? अंत्रुज तेव्हा विजापूरच्या आदिलशहाकडे होता. शिवाजी महाराजांनी फोंड्याचा किल्ला घेतला १६७५ मध्ये, म्हणजे शंभराहून जास्त वर्षांनी. तोवर मंगेश, शांतादुर्गा, म्हाळसा एका मुसलमान राजाच्या मुलखात सुखरूप होत्या. फोंड्याची सफा मशीद १५६० सालची म्हणून ओळखली जाते. पुन्हा तेच साल! मी त्या मशिदीवरून बसनं हजारदा गेले असेन. जात्रेच्या कीर्तनात नदी येते, रात्र येते, लिंग डोक्यावर घेणारे येतात, पण ज्याच्या जमिनीवर ते उतरवलं त्याचं नाव मी एकदाही ऐकलं नाही. बायबलनं हे गाळलं नाही. यहुद्यांना घरी परत पाठवणारा कोरेश हा इराणचा राजा, त्यांच्या धर्माचा नव्हे, आणि यशयाच्या ४५ व्या अध्यायात त्याला परमेश्वराचा अभिषिक्त म्हटलं आहे. अभिषिक्त म्हणजे मशीहा. तोच शब्द.

२०२२-२३ च्या अर्थसंकल्पात आमच्या सरकारनं पोर्तुगीज काळात पाडलेल्या देवळांच्या पुनर्उभारणीसाठी २० कोटी ठेवले. या विषयावर घरात माझं आणि थोरल्या भावाचं आजही जमत नाही. तो म्हणतो, पाडलं ते उभं राहिलंच पाहिजे. मी त्याला यिर्मयाचा सातवा अध्याय वाचून दाखवला. मंदिर उभं असतानाच यिर्मया त्याच्या दारात उभा राहून म्हणतो: हे परमेश्वराचं मंदिर, परमेश्वराचं मंदिर, परमेश्वराचं मंदिर, या फसव्या शब्दांवर विसंबू नका, परका, अनाथ आणि विधवा यांच्यावर जुलूम करू नका. भाऊ म्हणाला, हे त्यांचं पुस्तक, आपलं नव्हे. मी म्हटलं, दादा, हे पुस्तक देऊळ पडलेल्या माणसांनी लिहिलंय, आपल्याइतकं ते कुणाला लागू पडेल?

मला विचाराल तर त्यातले थोडे पैसे दगडी फलकांवर घाला. प्रत्येक जागी एक: इथं अमुक देवाचं देऊळ होतं, अमुक साली पाडलं, देव अमुक गावी आहे. सासष्टीच्या १५६७ च्या फोरालमध्ये, म्हणजे पोर्तुगीज जमीन-महसुलाच्या नोंदवहीत, देवळांच्या जमिनींच्या नोंदी आहेत, त्या मराठीत-कोंकणीत आणा. एज्राच्या पुस्तकात दुसऱ्या मंदिराचा पाया घातला तेव्हा तरुण आनंदानं ओरडले, आणि ज्यांनी पहिलं मंदिर पाहिलं होतं ते म्हातारे मोठ्यानं रडले. लोकांना ओरडणं कुठलं आणि रडणं कुठलं हे ओळखू येईना. पडलेलं पुन्हा बांधताना असंच होतं, हे बांधणाऱ्यांना आधी ठाऊक असावं.

डिसेंबरात मी मैत्रिणीबरोबर जुन्या गोव्याला गेले, शव पाहायला. से कॅथेड्रलमध्ये आम्ही रांगेत उभ्या होतो. ती जपमाळ ओढत होती. मी काचेच्या पेटीपुढे आले तेव्हा मनात १३७ वं स्तोत्र म्हटलं. पूर्ण म्हटलं. बाहेर आल्यावर तिला सांगितलं. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "बरें केलें. कोणे तरी म्हणपाकूच जाय आशिल्लें." कुणीतरी म्हणायलाच हवं होतं.

गेल्या मे महिन्यात मी पहिल्यांदा तिच्या घरी गेले. मुद्दाम पुलावरून गेले नाही, मडकईहून फेरीबोट धरली. अघनाशिनी, म्हणजे आपली जुवारी, भरतीला आली होती. माझा देव ज्या बाजूनं आला त्या बाजूला मी उलटी चालले होते, दोन स्कूटर आणि मासळीच्या टोपल्यांमध्ये उभी. तिच्या आईला आता नीट दिसत नाही. मी कुठली ते मुलीनं सांगितल्यावर तिनं माझा हात हातात घेतला आणि सोडलाच नाही. परत निघाले तेव्हा म्हातारीनं अंगणातल्या झाडाचे चार मानकुराद आंबे वर्तमानपत्रात गुंडाळून दिले. पुडी माझ्या हातात ठेवून वर चाचपून मोजली.

"दोन तुका," ती म्हणाली, "आनी दोन ताका. ताच्या गांवचे न्हय गो बाय हे?"

सोमवार होता. पालखी निघायच्या आत पोचायचं होतं, म्हणून मी धक्क्याकडे भरभर चालत निघाले.