आर३६च्या वावड्या आणि नियमांची वही

२६ ऑगस्ट २०२५ रोजी जपानमधील तोचिगी येथील कारखान्यातून निस्सान कंपनीच्या जीटी-आर या वेगवान स्पोर्ट्स कारच्या आर३५ पिढीची शेवटची गाडी बाहेर पडली. गर्द जांभळ्या झाकेची, मिडनाइट पर्पल नावाने ओळखल्या जाणाऱ्या रंगाची ती गाडी म्हणजे अठरा वर्षे चाललेल्या आणि सुमारे ४८ हजार गाड्यांपर्यंत पोहोचलेल्या उत्पादनाचा शेवट होता. पुढची पिढी, जिला आर३६ म्हटले जाते, कशी असेल याबद्दलच्या वावड्या मात्र त्याआधी किमान दहा वर्षे उठत आहेत. ती निव्वळ विजेवर चालेल, संकरित (इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेली) असेल, तिची ताकद हजार अश्वशक्तीच्या पलीकडे जाईल, ती होंडाच्या मदतीने बनेल, अशा परस्परविरोधी बातम्या एकाच आठवड्यात वाचायला मिळतात आणि प्रत्येक बातमीसोबत कोणीतरी संगणकावर रंगवलेले एक देखणे चित्र जोडलेले असते. गाडीचा अजून पत्ता नाही आणि तिच्या गिअरबॉक्सवरून वाद घालणारे मात्र हमरीतुमरीवर येतात. बाजारात तुरी म्हणतात ती हीच.

तरीही या वावड्यांमधून दाणे आणि फोलपट वेगळे करता येते, असे माझे मत आहे. त्यासाठी एखाद्या ‘आतल्या गोटातील’ माणसाची गरज नसते. जीटी-आरचा इतिहास नीट पाहिला, तर या गाडीची प्रत्येक पिढी जन्माला आली किंवा संपली ती बहुतांशी कोणत्या ना कोणत्या नियमामुळे, असे दिसते. त्यामुळे नव्या पिढीबद्दल काही कानावर आले की पहिला प्रश्न एकच विचारावा: ही गोष्ट कोणत्या नियमात बसते आणि कोणत्या नियमावर अडते?

पहिली जीटी-आर १९६९ मध्ये आली, निस्सानच्या स्कायलाइन या गाडीची आवृत्ती म्हणून. तिची दुसरी पिढी १९७३ मध्ये अवतरली आणि अवघ्या १९७ गाड्यांनंतर थांबली, कारण जपानचे कडक होत चाललेले धूर-उत्सर्जनाचे नियम तिच्या एस२० इंजिनाला पेलणारे नव्हते. त्यानंतर हे नाव थेट १९८९ मध्ये आर३२च्या रूपाने परतले, म्हणजे मधली सोळा वर्षे जीटी-आर अस्तित्वातच नव्हती. आज ‘एवढी मोठी परंपरा कंपनी खंडित कशी होऊ देईल’ असा युक्तिवाद करणाऱ्यांनी ही सोळा वर्षे लक्षात ठेवावीत. २००२ च्या ऑगस्टमध्ये आर३४ बंद झाली तीही नव्या उत्सर्जन नियमांमुळेच. त्याच महिन्यात टोयोटा सुप्रा, माझदा आरएक्स-७ आणि निस्सानचीच सिल्व्हिया या गाड्यांचेही जपानमधील उत्पादन संपले. चार वेगवेगळ्या गाड्या एकाच महिन्यात जातात, तेव्हा दोष आवडीनिवडीचा नसतो.

नियमाने गाडी मारली तशी घडवलीही. आर३२च्या इंजिनाची क्षमता २,५६८ घन सेंटीमीटर अशी विचित्र का होती, याचे उत्तर शर्यतींच्या ग्रुप ए नियमांत आहे. टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबणारे यंत्र) असलेल्या इंजिनाची क्षमता १.७ ने गुणून त्याचा गट ठरवला जाई; २,५६८ ला १.७ ने गुणले की सुमारे ४,३६६ येतात आणि गाडी साडेचार लिटरच्या गटात बरोबर बसते. अभियंत्यांनी आधी गट निवडला आणि मग इंजिन आखले. त्या आखणीचे फळ असे, की आर३२ने जपानच्या टूरिंग कार स्पर्धेत भाग घेतलेल्या सर्व २९ शर्यती जिंकल्या आणि ऑस्ट्रेलियातील बाथर्स्टची मानाची शर्यत १९९१ व १९९२ अशी लागोपाठ दोनदा मारली. याच गाडीची कागदावरची ताकद मात्र २८० अश्वशक्तीच राहिली, कारण जपानी कंपन्यांनी आपसांत तेवढीच मर्यादा पाळण्याचे ठरवले होते. (प्रत्यक्षात ती किती होती, हे सगळ्यांना ठाऊक होते आणि कोणीही बोलत नव्हते, वाहन उद्योगातील हे बहुधा सर्वांत सभ्य असत्य असावे.)

आर३५चा शेवटही त्याच चाकोरीतला आहे. ती ऑस्ट्रेलियातून २०२१ मध्ये गेली ती बाजूने होणाऱ्या धडकेच्या सुरक्षा-निकषांमुळे, आणि २०२२ मध्ये युरोपातून गेली ती आवाजाच्या मर्यादेमुळे. अमेरिकेत २०२४ चे मॉडेल शेवटचे ठरले. म्हणजे तोचिगीत शेवटची गाडी तयार झाली, तेव्हा जीटी-आर आपल्या जुन्या बाजारपेठांपैकी बहुतेकांना आधीच मुकलेली होती. नव्या गाडीत जुनेच इंजिन थोडेफार सुधारून बसवतील आणि भागवतील, ही वावडी मला म्हणूनच पटत नाही. इंजिनाचा मूळ ठोकळा टिकेल, कदाचित. पण त्याच्या डोक्यापासून धुराड्यापर्यंतचे सर्व काही नव्याने मांडावे लागेल.

आता सर्वांत मोठ्या वावडीकडे, म्हणजे निव्वळ विजेवर चालणाऱ्या जीटी-आरकडे येतो. ही पुडी इतर कोणी नव्हे, खुद्द कंपनीने सोडली. २०२३ च्या जपान मोबिलिटी शोमध्ये निस्सानने हायपर फोर्स नावाची संकल्पना-गाडी मांडली. तिची ताकद १,००० किलोवॅट, म्हणजे तेराशेहून अधिक अश्वशक्ती, आणि बॅटरी घन-अवस्थेतील असेल असे सांगितले गेले. गाडीवर जीटी-आर हे नाव कुठेही नव्हते. पण तिला चालवण्याच्या दोन पद्धती दिल्या होत्या, एक ‘जीटी’ आणि दुसरी ‘आर’, आणि पद्धत बदलली की आतला प्रकाश निळ्याचा लाल होई. मागच्या बाजूला दिव्यांची मांडणी पाहणाऱ्याला स्कायलाइनच्या चार गोल दिव्यांची आठवण व्हावी अशीच होती. नाव न घेता नाव घेण्याची ही रीत ज्याने शोधली, त्याला दाद द्यायला हवी. पण तिच्यावरून एवढेच कळते की, लोकांनी कुजबुजत राहावे अशी कंपनीची इच्छा होती. त्यावरून गाडी तयार होत आहे असे कळत नाही.

घन-अवस्थेतील बॅटरीचे गणित पाहा. नेहमीच्या लिथियम-आयन बॅटरीत दोन ध्रुवांच्या मध्ये द्रव असतो. येथे त्याच्या जागी घन पदार्थ वापरला जातो, त्यामुळे तेवढ्याच जागेत अधिक ऊर्जा साठवण्याची आणि लवकर भरण्याची शक्यता निर्माण होते. निस्सानने योकोहामा येथे तिच्या उत्पादनाची प्रायोगिक साखळी उभारली असून २०२८ या आर्थिक वर्षात अशी बॅटरी असलेली विद्युत गाडी आणण्याचे उद्दिष्ट जाहीर केले आहे. प्रयोगशाळेत चालणारी गोष्ट हजारोंच्या संख्येने, एकसारख्या दर्जाची आणि परवडेल अशी बनवणे हे वेगळेच काम आहे. तोवर उपलब्ध असलेल्या बॅटऱ्या घातल्या, तर १,७४० किलोच्या आसपास असलेल्या गाडीच्या वजनात कित्येक शे किलोंची भर पडते, आणि हे वजन नेमके तेथे जाणवते जेथे जीटी-आरने नाव कमावले, म्हणजे जर्मनीतील न्यूरबुर्गरिंगच्या २०.८ किलोमीटरच्या वळणावळणाच्या फेरीत. आर३५च्या निस्मो, म्हणजे निस्सानच्या शर्यत विभागाच्या नावाच्या, आवृत्तीने २०१३ मध्ये ती फेरी ७ मिनिटे ८.६७९ सेकंदांत पूर्ण केली होती. एका वेगवान फेरीनंतर तापून मंदावणारी किंवा विजेच्या खांबाशी जाऊन उभी राहणारी गाडी त्या नावाला शोभणार नाही, अशा आशयाचे मत निस्सानच्या अमेरिकेतील नियोजन विभागाच्या वरिष्ठांनीही २०२५ मध्ये मांडले आहे.

उरतो संकरित पर्याय आणि माझा कौल त्यालाच आहे. गंमत अशी, की ही वावडीही नवी नाही. निस्सानने २०१५ मध्ये फ्रान्समधील ल मॉंच्या २४ तासांच्या शर्यतीत जीटी-आर एलएम निस्मो ही पुढच्या चाकांना ताकद देणारी संकरित गाडी उतरवली, तेव्हा तिचे तंत्रज्ञान आर३६मध्ये येणार अशी भाकिते छापून आली होती. त्या गाडीची संकरित यंत्रणा नीट चाललीच नाही आणि वर्ष संपेपर्यंत तो प्रकल्पच गुंडाळला गेला. आता मात्र परिस्थिती निराळी आहे, कारण इतरांनी वाट घालून दिली आहे. पोर्शने २०२४ मध्ये ९११ कॅरेरा जीटीएसला जेमतेम १.९ किलोवॅट-तासाची बॅटरी आणि विजेने फिरणारा टर्बो दिला. वजन सुमारे ५० किलोंनीच वाढले आणि न्यूरबुर्गरिंगची वेळ आधीच्या गाडीपेक्षा ८.७ सेकंदांनी घटली. कॉर्व्हेट ई-रे या अमेरिकी स्पोर्ट्स कारनेही तेवढ्याच बॅटरीवर पुढच्या चाकांना विजेची मोटर जोडून दाखवली.

या दुसऱ्या उदाहरणात जीटी-आरसाठी फार मोठी सोय दडलेली आहे, असे मला वाटते. आर३५मध्ये इंजिन पुढे आणि गिअरबॉक्स मागच्या चाकांजवळ असतो. इंजिनाची ताकद एका लांब दांड्याने मागे जाते, गिअरबॉक्समधून फिरते आणि पुढच्या चाकांसाठी दुसऱ्या लांब दांड्याने पुन्हा पुढे येते. या रचनेमुळे वजन दोन्ही टोकांना चांगले वाटले जाते, पण ताकदीला जाऊन-येऊन पूर्ण गाडी ओलांडावी लागते आणि त्या दुसऱ्या दांड्याचे ओझे कायमचे वाहावे लागते. पुढच्या आसावर विजेची मोटर बसवली, तर तो परतीचा दांडाच काढून टाकता येईल. दोन आसांवरील मोटरींचा ताळमेळ साधणारी यंत्रणा निस्सानकडे आरिया गाडीत तयार आहेच. हा माझा तर्क आहे, बातमी नव्हे. तरी उद्या आर३६च्या पुढच्या भागात मोटर दिसली, तर मला नवल वाटणार नाही.

हाताने गिअर बदलण्याची सोय परत येणार, ही वावडी लोकांच्या इच्छेतून जन्मलेली आहे. तिच्यावर वेळ घालवण्यात अर्थ नाही.

पैशाचा मुद्दा मात्र टाळता येत नाही. मार्च २०२५ मध्ये संपलेल्या आर्थिक वर्षात निस्सानला सुमारे ६७० अब्ज येनचा तोटा झाला. त्यानंतर वीस हजार नोकऱ्या कमी करण्याचा आणि कारखान्यांची संख्या १७ वरून १० वर आणण्याचा निर्णय झाला. होंडाशी एकत्र येण्याच्या वाटाघाटी २०२४ च्या डिसेंबरमध्ये जाहीर झाल्या आणि पुढच्याच फेब्रुवारीत फिसकटल्या, त्यामुळे ‘होंडाच्या मदतीने जीटी-आर’ या वावडीचा आधारही बराचसा गेला. आर३५ जपानमध्ये २००७ साली ७७ लाख ७० हजार येनपासून विकली जात होती. अखेरीस तिची किंमत एक कोटी चव्वेचाळीस लाख येनच्या पुढे गेली होती. योकोहामा येथे मोजके निष्णात कारागीर तिचे प्रत्येक इंजिन एकहाती जुळवत आणि त्यावर स्वतःच्या नावाची पट्टी लावत. अशा गाडीतून कंपनीचे कर्ज फिटत नसते.

एप्रिल २०२५ मध्ये सूत्रे हाती घेतलेले प्रमुख इव्हान एस्पिनोसा यांनी हा कायमचा निरोप नाही, असे सांगितले, पण तारीख दिली नाही. आर३५च्या आधी २००१ मध्ये संकल्पना-गाडी, २००५ मध्ये जवळपास अंतिम रूपातील नमुना आणि २००७ मध्ये विक्री, असा सहा वर्षांचा क्रम होता. त्या हिशेबाने दशक संपण्याआधी एखादा गंभीर नमुना दिसला, तरी मी त्याला वेळेवर आला असे म्हणेन.

ज्या वावडीची मला खरी धास्ती वाटते, ती वेगळीच आहे: जीटी-आर हे नाव एखाद्या उंच, चार दारांच्या, ताकदवान क्रॉसओव्हरला दिले जाईल, ही. मित्सुबिशीने एक्लिप्सचे आणि फोर्डने मस्टँगचे तसे केले आहे. अशी गाडी मोठी बॅटरी सहज सामावते, धुराच्या आणि आवाजाच्या निकषांवर अडत नाही, अस्तित्वात असलेल्या सांगाड्यावर उभी राहू शकते आणि तोट्यात असलेल्या कंपनीला चार पैसे मिळवून देते. बाकी बहुतेक वावड्या कुठल्या ना कुठल्या नियमावर अडतात. हिच्या वाटेत एकही आडवा येताना मला दिसत नाही.