जळगावची ‘सपाट’ दहा किलोमीटर

गेल्या डिसेंबरात जळगावला मुलींच्या शिक्षणासाठी निधी उभारण्याकरिता धावण्याची शर्यत झाली. तिच्या पत्रकावर ‘संपूर्ण सपाट मार्ग’ असे ठळक अक्षरांत छापलेले होते आणि त्यावर विसंबून मी धुळ्याहून आलो. मार्ग आखणाऱ्याने तो बहुधा मोटारीत बसून पाहिला असावा. तापी शहराच्या उत्तरेला आहे, म्हणजे जमीन दक्षिणेकडे चढत जाणार हे उघड आहे, आणि शर्यत सागर पार्कवरून निघून शिरसोली रस्त्याने दक्षिणेकडेच नेलेली होती. डोळ्यांना तो चढ दिसत नाही; पोटऱ्यांना मात्र तिसऱ्या किलोमीटरपासून कळू लागतो.

आदल्या दिवशीचा प्रवास आणि बिब (छातीवर लावायचा धावकाचा क्रमांक) घेणे विनातक्रार पार पडले. रात्री शेवभाजी खाल्ली, ती खाऊ नये. पहाटे साडेचारला स्टेशनजवळच्या लॉजपासून मैदानापर्यंत रिक्षावाल्याने दोनशे रुपये घेतले. परतताना त्याच अंतराचे साठ दिले. थंडीत कुडकुडत घासाघीस करण्यापेक्षा चालत निघावे, अंगही गरम होते.

सहाला शर्यत सुटली तेव्हा तीन किलोमीटरवाली शाळकरी मुले आमच्याच पुढे उभी केलेली होती, त्यामुळे पहिला किलोमीटर वाट काढण्यातच गेला. पुढच्या रांगेत जागा हवी असेल तर साडेपाचलाच दोरीपाशी उभे राहा, भाषणे तिथूनही ऐकू येतात. मेहरूण तलावाच्या बाजूचा भाग छान होता, तिथे मला कसलीच तक्रार नाही.

खरी परीक्षा चौथ्या ते सहाव्या किलोमीटरमध्ये आहे. रस्त्याच्या एका अंगाचे काँक्रिटीकरण झालेले, दुसऱ्या अंगाला खडी, आणि दोहोंच्या मध्ये वीतभर उंचीची कड, जिच्यावर ना चुन्याची रेघ होती ना कुणी बॅटरी घेऊन उभा होता. डिसेंबरात इकडे सूर्य सातच्या सुमारास उगवतो, म्हणजे सहाला निघालेला माणूस हा टप्पा अंधारातच गाठतो. माझ्या पुढचा धावक त्या कडेवरून घसरला आणि दोन्ही हातांवर पडला. त्याला उठवेपर्यंत माझी लय गेली ती गेलीच. घोंगडी पांघरून बसलेल्या एका बाबांनी तेवढ्यात विचारले, “कसाले पयी राह्यनात भो?” म्हणजे, कशाला पळताय भाऊ? त्या क्षणी माझ्यापाशी उत्तर नव्हते. डोक्याला लावायचा दिवा न्या, आणि जाताना व येताना दोन्ही वेळा काँक्रिटच्या मधोमधच धावा, मागून कुणी कितीही ओरडले तरी.

वळणावर पाण्याचे टेबल होते, त्यावर दोन रिकामे जार होते आणि मागे ओशाळलेला एक कॉलेजचा मुलगा होता. त्याचा दोष नाही. पण अर्ध्या लिटरची बाटली स्वतःची हवीच. परतीचा उतार सोपा वाटून मी वेग वाढवला आणि कडक काँक्रिटवर मांड्या अशा भरून आल्या की पुढचे दोन दिवस जिना उलटा उतरावा लागला. त्यातून समोरून उत्तरेचा गार वारा.

अंतराबद्दलही सांगितले पाहिजे. मार्ग वळणांच्या आतल्या बाजूने मोजतात आणि आपण गर्दीतून आडवेतिडवे पळतो, त्यामुळे घड्याळाने शे-दोनशे मीटर जास्त दाखवले तर तक्रार करू नये. माझ्या घड्याळात मात्र १०.७ किलोमीटर भरले. आपल्या उत्तम वेळेसाठी इथे येऊ नका.

प्रवेशशुल्क सातशे रुपये होते. त्यातले निधीला नेमके किती जातात हे मी टेबलावरच्या तीन जणांना विचारले आणि तिघांनीही मला चौथ्याकडे पाठवले. टी-शर्ट, पदक, मंडप आणि कानठळ्या बसवणारा डीजे यांचा खर्च याच पैशांतून निघत असणार, तेव्हा शुल्काला दान समजू नका. खरोखर द्यायचे असेल तर संस्थेच्या खात्यात चेकने किंवा यूपीआयने वेगळे द्या आणि पावती मागा. दोन हजारांवरच्या रोख देणगीला करसवलत मिळत नाही. मी तसेच केले आणि दिवसभरात तेवढीच एक गोष्ट मनासारखी झाली.

तरीही मी पुढच्या वर्षी जाणार आहे, दिवा आणि बाटली घेऊन. शेवटची सूचना नाश्त्याबद्दल. केळीच्या या जिल्ह्यात शर्यत संपल्यावर आमच्या हाती दिलेली केळी इतकी हिरवी होती की साल सुटेना, आणि दातांनी सोलताना निघालेला चीक नव्या टी-शर्टवर पडला. तो डाग दोन वेळा धुऊनही गेलेला नाही. जुना शर्ट घालून खा.