मत मांडायला ३० मिनिटं
आज दुपारभर सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत जीआरईचे (परदेशात पदव्युत्तर शिक्षणासाठीची प्रवेशपरीक्षा) सरावाचे निबंध लिहीत बसले होते. जीमॅट या एमबीएच्या प्रवेशपरीक्षेच्या २०२३च्या नव्या आवृत्तीतून निबंध गेलाच. जीआरईत मात्र एक उरलाय, ३० मिनिटांचा. एमबीएसाठी बऱ्याच ठिकाणी दोन्ही चालतात, तरी मी जीआरईच धरली. वाद घालायला आवडतो, काय करणार!

विषय होता, जुन्या इमारती जपायच्या की नव्या बांधकामाला जागा द्यायची. पेठेत राहणाऱ्या मुलीला हे विचारायचं? वाडे, पुनर्विकास, पार्किंग, सगळं उतरवलं. गंमत म्हणजे तुम्ही कुठल्या बाजूचे आहात, याच्याशी तपासणाऱ्याला देणंघेणं नसतं. युक्तिवाद किती पक्का, समोरच्याच्या दमदार मुद्द्याला उत्तर दिलंय का, ते बघतात. गुण ० ते ६.

हा नियम आमच्या सोसायटीच्या मीटिंगला लावला, तर निम्मे लोक गप्पच बसतील.