आबांचा हिशोब

आबा कोल्हापूरच्या मार्केट यार्डात गुळाच्या अडतीवर दिवाणजी होते. किती रवे, म्हणजे गुळाच्या ढेपा, काय भाव, सगळं तोंडी. त्या माणसानं परवा गंगावेशीत दूध पिऊन झाल्यावर शंभराची नोट हातात धरून हळूच विचारलं, "परत किती यायचे रं?" माझ्या पोटात खड्डाच पडला.

प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी त्यांना दर ३ महिन्यांनी हार्मोनचं इंजेक्शन असतं. टेस्टोस्टेरॉन पार खाली आणायचं, म्हणजे गाठीचं खाद्य तुटतं. ही वाट १९४१ साली अमेरिकेतले डॉक्टर चार्ल्स हगिन्स यांनी दाखवली. पीएसए, म्हणजे रक्तातला प्रोस्टेटच्या गाठीचा अंदाज देणारा आकडा, उतरला तेव्हा आम्ही पेढे वाटले. पण टेस्टोस्टेरॉन मेंदूच्या कामालाही लागतं, हे तेव्हा कुणी बोललं नाही. या उपचारात काहींना विसरायला होतं, काहींना नाही.

एका दवाखान्यात "वय झालं" म्हणून बोळवण झाली. दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी मात्र विसरण्यामागं आणखी काही आहे का, हे बघायला रक्त काढलं: हिमोग्लोबिन, बी-१२, थायरॉइड, साखर. या इंजेक्शनानं हिमोग्लोबिन उतरतं, आबांचं ९.४ निघालं, बी-१२ही तळाला. मेंदूच्या पेशींना इजा झाली की न्यूरोफिलामेंट लाइट नावाचं प्रथिन रक्तात वाढतं, त्यावरही अभ्यास चालू आहेत. पण मला साधी बी-१२ची तपासणी मोलाची वाटते. ती उणीव भरून काढता येते!

आता बी-१२ची इंजेक्शनं चालू आहेत. काल रंकाळ्यावर बसलो होतो. विचारलं, "आबा, तीस किलोचा रवा, असे अकरा. किती?"

अंगठा बोटांच्या पेरांवरनं सावकाश फिरला.

"तीनशे तीस. आणि बारदान?"