गुहागरचा सोलर, आजी आणि माड

डिसेंबरात गुहागरच्या एका होमस्टेवरून फोन आला, 200 लिटरचा सोलर आहे पण पाणी नुसतं कोमट, पाहुणे सकाळी सकाळी कटकट करतात. बसवलेला दुसऱ्याच कोणीतरी, मे महिन्यात. माझं काम दुरुस्तीचं.

शिडी लावतोय तोवर आजी बाहेर आल्या. म्हणाल्या, "पाण्याचं बघ रे मागाहून, आधी माझा उजेड दे परत. ते धूड वर चढवल्यापासून माजघरात भरदुपारी लाईट लावल्याशिवाय तांदूळ निवडता येत नाहीत."

वर जाऊन बघतो तर खरंच की, 2-2 चौरस मीटरचे दोन्ही फ्लॅट पॅनल बरोबर काचेच्या कौलांवर आडवे! कौलारू घरात माजघराला उजेड येणार तो तिथूनच, आणि बसवणाऱ्याने दक्षिणेचा उतार दिसला की ठोकला स्टँड.

आणि पाणी का तापत नाही तर समोरचा माड. मेच्या दुसऱ्या आठवड्यात आपल्याकडे सूर्य डोक्यावर असतो, सावली खोडाशीच, त्यामुळे बसवताना कोणाच्या लक्षात येणार? डिसेंबरात तोच सूर्य दुपारी बारालासुद्धा साधारण 49 अंशावर, म्हणजे 50 फुटी माडाची सावली 40-45 फूट उत्तरेला, थेट पॅनलवर. त्यात एक नाही, तीन माड ओळीत, एकाची सावली सरकते तोवर दुसऱ्याची हजर. गरम पाणी लागतं थंडीत आणि सावलीही थंडीतच, काय बोलणार!

काका म्हणाले तोडू या, आजींनी नुसतं बघितलं, विषय संपला.

मग न्हाणीघराच्या स्लॅबवर सगळं हलवलं, तिकडे दक्षिण मोकळी आहे. टाकी पॅनलच्या वरच घेतली, कारण या सिस्टीमला पंप नसतो, गरम पाणी हलकं होऊन आपोआप वर चढतं. भरलेली टाकी, पॅनल, स्टँड मिळून पाव टनाच्या वर वजन जातं, ते जुन्या वाशांवरून उतरलं हे तर बरंच झालं. काचेची कौलं शेवाळाने काळी पडलेली, ती घासून धुतली. खालून आजींचा आवाज, "हां, आता दिसतंय!"

दुसऱ्या दिवशी पाणी चटके बसण्याइतकं तापलं. पावसाळ्यात मात्र बंब लागणारच हे काकांना आधीच सांगून ठेवलंय, टाकीत कॉईल आहे पण पावसात लाईट कधी जाईल त्याचा नेम नाही, तेव्हा लाकडं भरून ठेवा म्हटलं.