वाचनगटासाठी पुस्तक निवडताना: थोडी पाने आणि अन्नाची गोष्ट

वाचनगटाच्या पुढच्या बैठकीसाठी पुस्तक सुचवण्याची जबाबदारी ज्याच्यावर येते, त्याच्याकडे बहुधा दोन मागण्या एकदम येतात. पुस्तक लहान असावे आणि त्याचा विषय सर्वांना आपला वाटावा. अन्न हा विषय दुसरी मागणी सहज पूर्ण करतो, कारण त्याबद्दल बोलण्यासाठी कोणालाही वेगळी तयारी करावी लागत नाही. दोन्ही मागण्या रास्त आहेत. मात्र केवळ सोय म्हणून त्या मान्य केल्या, तर वाचायला सोपे पण बोलायला काहीच नसलेले पुस्तक हाती येण्याचा धोका असतो. माझ्या मते लहान पुस्तक निवडायचे ते दोनदा वाचता यावे म्हणून, आणि अन्नाचे पुस्तक निवडायचे ते त्यातल्या अन्नामुळे माणसांमध्ये काहीतरी घडते म्हणून.

मोठ्या कादंबरीवरच्या बैठकीत एक अडचण नेहमी येते. कोणी पुस्तक पूर्ण केलेले असते, कोणी निम्म्यावर असते, तर कोणी पहिल्या काही प्रकरणांपुढे गेलेले नसते. ज्यांनी शेवट वाचला आहे ते इतरांसाठी तो राखून बोलतात, आणि पाहता पाहता चर्चेचे रूपांतर कथानक सांगण्यात होते. लहान पुस्तकाच्या बाबतीत सर्वांना शेवट ठाऊक असतो, त्यामुळे त्या शेवटाची तयारी लेखकाने कोठून सुरू केली, पहिल्या पानावरचे कोणते वाक्य आता वेगळे वाटते, कोणते पात्र आपण चुकीचे ओळखले होते, असे प्रश्न विचारता येतात. हे प्रश्न दुसऱ्या वाचनानंतर अधिक नेमके सुचतात, आणि दुसरे वाचन लहान पुस्तकाचेच शक्य होते. वेळ वाचावा एवढाच हेतू असेल, तर ही मोठी संधी वाया जाते.

लहान म्हणजे किती, हे मात्र पानांवरून ठरवू नये. अमेरिकेतील विज्ञानकथांच्या नेब्युला पुरस्कारात लघुकादंबरी म्हणजे १७,५०० ते ४०,००० शब्दांचे लेखन अशी व्याख्या केली आहे, आणि गटासाठी ती बऱ्यापैकी उपयोगी पडते. पण शब्दसंख्येतही सर्व काही येत नाही. समांथा हार्वी यांच्या ‘ऑर्बिटल’ या कादंबरीला २०२४ चे बुकर पारितोषिक मिळाले. ती जेमतेम १३६ पानांची आहे, तरीही अंतराळस्थानकातील सहा जणांचा एकच दिवस सांगणारे, जवळजवळ कथानकाविना पुढे सरकणारे ते गद्य भरभर वाचता येत नाही. म्हणून पुस्तक सुचवणाऱ्याने आधी मधलीच वीस पाने वाचून पाहावीत. आरंभ बहुतेक लेखक जपून लिहितात. वाचनाचा खरा वेग मध्यभागी कळतो.

आता अन्नाकडे वळू. खाद्यपदार्थांची सुरेख वर्णने असलेली पुस्तके पुष्कळ आहेत आणि ती वाचताना आनंदही होतो, पण गटात अशा पुस्तकावरची चर्चा ‘वाचताना भूक लागली’ या वाक्याच्या पुढे फारशी जात नाही. निवडीसाठी मी एकच कसोटी लावते. पुस्तकातली सर्व जेवणे आणि सगळा स्वयंपाक काढून टाकला, तर गोष्ट तशीच उभी राहते का? राहत असेल, तर अन्न ही तिथे सजावट आहे. राहत नसेल, तर कोण रांधते, कोणासाठी रांधते, खर्च कोण करते, कोणाला वाढले जात नाही, कोण ताट बाजूला सारते, या प्रश्नांवरच पुस्तक उभे असते आणि त्या प्रश्नांवर प्रत्येकाला काही ना काही म्हणायचे असते.

या कसोटीला पूर्ण उतरणारी आणि शिवाय लहान असलेली कथा म्हणजे कारेन ब्लिक्सन यांची ‘बॅबेट्स फीस्ट’. इसाक दिनेसन या टोपणनावाने लिहिलेली ही कथा १९५० साली एका अमेरिकी मासिकात आली आणि १९५८ मध्ये त्यांच्या एका कथासंग्रहात समाविष्ट झाली. नॉर्वेतील एका दूरच्या गावात दोन वृद्ध बहिणी, त्यांच्या धर्मोपदेशक वडिलांनी स्थापन केलेला विरक्त पंथ सांभाळत राहतात. १८७१ च्या पॅरिस कम्यूनच्या, म्हणजे पॅरिसमधल्या बंडखोरांच्या अल्पकालीन राजवटीच्या, पाडावानंतर जीव वाचवून आलेली बॅबेट त्यांच्याकडे स्वयंपाकाला राहते आणि बारा वर्षे त्यांचे साधे, चवीकडे पाठ फिरवलेले अन्न शिजवते. मग तिला दहा हजार फ्रँकची लॉटरी लागते, आणि ती सर्व रक्कम ती बारा माणसांच्या एका जेवणावर खर्च करते. पाहुण्यांनी तर आधीच ठरवलेले असते की जिभेचे सुख हे पाप असल्याने ताटातल्या अन्नाविषयी एक शब्दही काढायचा नाही.

हे ठरवणे वाचनगटासाठी फार मोलाचे आहे. पानात काय वाढले आहे हे त्या मेजावर केवळ एका पाहुण्याला, एका सेनापतीला, ओळखू येते. इतरांना ते कळतही नाही, तरी त्यांच्यातली जुनी भांडणे मिटतात. मग कलेचा परिणाम होण्यासाठी ती समजावी लागते का? बॅबेटने हे जेवण त्या बहिणींसाठी केले, असे वाचकाला वाटत असताना ती स्वतः ते नाकारते आणि आपण कलावंत असल्याचे सांगते; तेव्हा या दानाला दान म्हणायचे की नाही? ऐन तारुण्यात एका बहिणीने गाण्याचे भविष्य नाकारले आणि दुसरीच्या वाट्याला आलेले प्रेम तसेच निघून गेले. त्या नकारांची किंमत या जेवणात चुकती होते, की ती आणखी ठळक होते? याच कथेवर गॅब्रिएल आक्सेल यांनी १९८७ साली काढलेल्या चित्रपटाला परभाषी चित्रपटाचे ऑस्कर मिळाले. त्यात ही गोष्ट नॉर्वेऐवजी डेन्मार्कमध्ये घडते. चित्रपट जरूर पाहावा, पण बैठकीनंतर. आधी पाहिल्यास त्यातले मेज इतके मनात भरते की कथेतल्या शब्दांकडे लक्ष राहत नाही.

अन्नाचे पुस्तक म्हणजे भरलेल्या ताटाचेच, असे मानण्याचे कारण नाही. भुकेची पुस्तकेही याच विषयात मोडतात आणि गटातली चर्चा तीच अधिक खोलवर नेतात, असे मला मनापासून वाटते. फ्रान्झ काफ्का यांची १९२२ मध्ये प्रसिद्ध झालेली ‘अ हंगर आर्टिस्ट’ ही कथा काही पानांतच संपते. पिंजऱ्यात बसून उपाशी राहणे हीच ज्याची कला, असा माणूस. त्याला चाळीस दिवसांहून अधिक उपवास करू न देणारा त्याचा व्यवस्थापक, कारण त्यापुढे प्रेक्षकांचा रस आटतो. आणि शेवटी त्या माणसाने दिलेली कबुली, की आपल्याला आवडेल असे अन्न कधी सापडलेच नाही, सापडले असते तर आपणही इतरांसारखे पोटभर जेवलो असतो. घशाच्या क्षयामुळे स्वतः काफ्का यांना गिळणे अशक्य होत गेले, तशा अवस्थेत १९२४ साली ते या कथेचा समावेश असलेल्या संग्रहाची मुद्रिते तपासत होते. हा तपशील चर्चेच्या आरंभी सांगू नये, कारण तो कळला की सर्व जण कथेकडे लेखकाचे चरित्र म्हणून पाहू लागतात. तो अखेरीस सांगावा आणि मत बदलते का ते पाहावे. नव्याने जमलेल्या गटाला पहिल्या बैठकीसाठी मी हीच कथा सुचवीन, कारण ती बैठकीतच मोठ्याने वाचता येते आणि कोणी न वाचता आल्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

लॉरा एस्किवेल यांची १९८९ ची ‘लाइक वॉटर फॉर चॉकलेट’ ही मेक्सिकन कादंबरी अशा याद्यांमध्ये हमखास असते. बारा महिन्यांची बारा प्रकरणे आणि प्रत्येकाच्या आरंभी एक पाककृती, अशी तिची रचना आहे. धाकटी मुलगी असल्यामुळे आईच्या सेवेसाठी अविवाहित ठेवलेल्या नायिकेच्या भावना तिने रांधलेल्या अन्नातून खाणाऱ्यांच्या अंगात उतरतात. ती वाचनीय आहे, पण छोटी म्हणून निवडू नये. दोन बैठकांत सहा-सहा प्रकरणे वाटून घेतल्यास तिला न्याय मिळतो.

हान कांग यांच्या ‘द व्हेजिटेरियन’बद्दल थोडे सावधपणे लिहावे लागते. २००७ साली कोरियनमध्ये आलेली, आणि डेबोरा स्मिथ यांच्या अनुवादासह २०१६ चा आंतरराष्ट्रीय बुकर मिळवणारी ही लहान कादंबरी चर्चेसाठी असामान्य आहे. मांस खाणे सोडणाऱ्या स्त्रीची ही गोष्ट तीन भागांत तिचा नवरा, तिच्या बहिणीचा नवरा आणि तिची बहीण यांच्या नजरेतून उलगडते. तिची स्वतःची वाणी मात्र तुटक स्वप्नांपलीकडे ऐकू येत नाही. एका व्यक्तीने ताटातला एक पदार्थ नाकारला की कुटुंबाचा संयम किती लवकर सुटतो, हे त्यात जसे दिसते तसे क्वचितच कोठे दिसते. पण त्यात लैंगिक हिंसा आहे, स्वतःला इजा करणे आहे आणि शरीराला उपाशी ठेवणे आहे. हे सर्व निवडीच्या वेळीच स्पष्ट सांगावे, आणि एखाद्याने नकार दिल्यास त्याचे कारण विचारू नये. खाण्याशी असलेले नाते काहींसाठी दुखरे असते, ही गोष्ट अन्नविषयक कोणतेही पुस्तक सुचवताना ध्यानात ठेवायला हवी.

कथा-कादंबऱ्यांपलीकडेही पाहावे. अमेरिकी लेखिका एम. एफ. के. फिशर यांनी युद्धकाळातील टंचाईत, १९४२ साली, ‘हाउ टू कुक अ वुल्फ’ हा निबंधसंग्रह लिहिला आणि १९५१ च्या आवृत्तीत स्वतःच्याच मजकुरात कंसांतून शेरे घातले. एकाच पानावर टंचाईतली आणि नंतरची अशा दोन फिशर एकमेकींशी बोलताना दिसतात. यातले दोन-तीन निबंध एका बैठकीला पुरेसे होतात. मराठीत शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्ण ब्रह्म’ हे पुस्तक पाककृती सांगता सांगता, कोणाच्या वाट्याला काय आले आणि ते का आले, याची नोंद करत जाते. पाककृती हा किती गंभीर दस्तऐवज असू शकतो, हे ज्या गटाला पडताळून पाहायचे असेल त्याने ते घ्यावे, आणि गटातल्या सर्वांची भाषा एक नसेल तर २०२४ मध्ये आलेला त्याचा इंग्रजी अनुवादही उपलब्ध आहे.

निवड झाल्यावर सर्वांना कळवताना पुस्तकाच्या नावासोबत नेमकी आवृत्ती, अनुवादकाचे नाव आणि वाचायचा भाग लिहावा. संग्रहातली एकच कथा घेतली असेल तर हे फारच गरजेचे असते, नाहीतर निम्मे लोक संपूर्ण संग्रह वाचत बसतात. पुस्तक सर्वांना मिळेल का, ग्रंथालयात किती प्रती आहेत, ज्यांना बारीक अक्षर वाचता येत नाही त्यांच्यासाठी श्राव्य आवृत्ती आहे का, याची चौकशी सुचवणाऱ्याने आधीच करावी. सोबत एकच प्रश्न पाठवावा, तोही पुस्तकाच्या मध्यावर अडखळायला लावणारा. ‘बॅबेट्स फीस्ट’साठी मी विचारीन की त्या रात्रीच्या जेवणातून सर्वाधिक कोणाला मिळाले, आणि त्याचे उत्तर कथेतल्या एका वाक्यावर बोट ठेवून द्यावे, असेही लिहीन. बैठकीत खाणे ठेवायचे असल्यास ते चर्चा संपल्यावर ठेवावे, म्हणजे बोलण्याचा वेळ वाढण्यात आणि आवरण्यात जाणार नाही.